धक्क्यावरची युद्धनौका आणि माझी सही

आमच्या मालकाला 'बोट' हा शब्द चालत नसे. आम्ही जाणार होतो ती कोचीहून लक्षद्वीपला जाणारी साधी प्रवासी बोट होती. बेटांवरची माणसं तिच्यातून तांदळाची पोती, पत्र्याच्या ट्रंका आणि खुराड्यात कोंबड्या घेऊन आपापल्या घरी जात, आणि वरच्या मजल्यावरच्या काही केबिनी तेवढ्या सहलीवाल्यांसाठी ठेवलेल्या असत. पण मालकाने पहिल्या दिवसापासून तिला 'क्रूझ' म्हटलं. कारखान्याच्या फळ्यावरच्या नोटिशीत क्रूझ, डीलरांशी फोनवर बोलताना क्रूझ. त्यासाठी त्याने एक पांढरी टोपी आणली होती, पुढे सोनेरी धाग्याने नांगर भरलेली. तशी टोपी मी त्याआधी फक्त लग्नातल्या बँडवाल्यांच्या डोक्यावर पाहिली होती.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. बंगलोरच्या पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत एका गल्लीत आमचा कारखाना होता. एका अंगाला स्प्रिंगा करणारे, दुसऱ्या अंगाला रंगाचे डबे करणारे, आणि मध्ये आम्ही तीस-पस्तीस माणसं व्हॉल्व्ह बनवणारी. पाइपातलं पाणी सोडायला आणि बंद करायला लागतात ते व्हॉल्व्ह, घरातल्या नळाचे थोरले भाऊ. मी तिथे तपासनीस होते. डिप्लोमा झालेला, वय सत्तावीस, रोज चामराजपेटेहून बस बदलत पीण्याला यायचं, आणि तयार झालेला प्रत्येक व्हॉल्व्ह पाण्याच्या दाबाखाली तपासून कागदावर सही करायची. कारखान्यात माझ्या सहीशिवाय माल बाहेर जात नाही, असं मालक सगळ्यांना सांगायचा. ते खरंही होतं. म्हणून तर पुढचं सगळं झालं.

मालक पुण्याचा. बंगलोरात येऊन त्याला आठ वर्षं झाली होती आणि त्याला कानडीचं एक वाक्य धड येत नव्हतं. आमचं मराठी घराणं इथे तीनशे वर्षांचं. आमच्या घरात थोरल्या भावाला अण्णा म्हणतात, बहिणीला अक्का, थोडंसं हवं असलं की 'स्वल्प' म्हणतात, आणि क्रियापदं आम्ही कुठल्या कुठे टाकतो. मालकाला त्याची फार मजा वाटायची. कुणी पाहुणा आला की तो मला वर ऑफिसात बोलवायचा.

"बोला ना काहीतरी. ऐका हं, ह्यांचं मराठी म्हणजे सांबारात बुडवलेली पुरणपोळी."

पाहुणा हसायचा. मीही हसायचे. त्याचं हसणं मी कधीच विसरून गेले, माझं मात्र लक्षात राहिलं.

सहलीच्या आदल्या वर्षी आम्हाला नौदलासाठी व्हॉल्व्ह बनवायचं काम मिळालं. काम लहानच होतं, पण मंजुरीचं पत्र मालकाने काचेच्या फ्रेममध्ये घालून टेबलामागे टांगलं. तेव्हापासून त्याचं चालणंसुद्धा बदललं. तो पोट आत घेऊन चालू लागला. चहाचा कप थंड निघाला तरी म्हणायचा, "डिफेन्सचं काम करणाऱ्या जागेत असा चहा?" कामगार त्याच्या पाठीमागे त्याला 'ॲडमिरल' म्हणू लागले, आणि ते कानावर आलं तेव्हा तो खूश झाला.

ते व्हॉल्व्ह गनमेटलचे होते. समुद्राच्या पाण्याने लवकर खराब होत नाही असा हा तांब्या-कथलाचा धातू. ओतकाम आम्ही बाहेरून करून घ्यायचो. त्या लॉटमधलं ओतकाम वाईट आलं होतं. व्हॉल्व्हची दोन्ही तोंडं बंद करून आत पाणी भरायचं आणि हातपंपाने दाब चढवायचा. धातूत बारीक छिद्रं असली की बाहेरच्या अंगावर पाण्याचे कण उमटतात. आम्ही म्हणायचो, घाम फुटला. साठातल्या अकरा नगांना घाम फुटला. मी त्यांच्यावर लाल रंगाची फुली मारून ते बाजूला ठेवले.

मालक खाली आला. फुल्या पाहिल्या आणि फोरमनला बोलावलं. फोरमन आमच्यातला सर्वांत जुना माणूस, तुमकूरकडचा. सगळे त्याला अण्णा म्हणायचे आणि मी वयाने लहान असूनही तो मला अक्का म्हणायचा. मालकाने त्याला गोल डोक्याची हातोडी आणायला सांगितली. अशा हातोडीने घाम फुटल्या जागी हलके हलके ठोके देत गेलं की वरचा धातू दबून छिद्रांची तोंडं मिटतात. पुन्हा पाणी भरून पाच मिनिटं दाब धरला, तर थेंब येत नाही.

"पाच मिनिटं नाही, अर्धा तास धरायचा असतो, सर," मी म्हटलं.

"अहो, अर्धा तास कशाला? दिसतंय ना कोरडं? मग कागदावर कोरडं लिहा."

अण्णाने माझ्याकडे पाहिलं. तो कानडीत हळूच म्हणाला, "तापलं, हादरलं, की उघडणार हे." मालकाला कळलं नाही. त्याने विचारलंही नाही. मी सही केली. अकरा कागदांवर अकरा सह्या, एकाखाली एक, आणि प्रत्येकावर शिक्का. नंतर नौदलाकडून तपासायला आलेल्या माणसापुढे मालकाने निवडून ठेवलेले तीन चांगले नग ठेवले. माल गेला. माझी झोपही उडाली नाही, हेही सांगून टाकते. त्या आठवड्यात आमच्याकडे बहिणीला बघायला पाहुणे येणार होते आणि मी मैसूरपाकाच्या विचारात होते.

ते काम पार पडलं म्हणूनच ही क्रूझ होती. मालक, त्याची बायको, दोन डीलर आपापल्या बायकांना घेऊन, फोरमन अण्णा, आणि मी. मला का नेलं ते मालकाने निघतानाच सांगितलं. "बायका आहेत, त्यांना सोबत होईल. शिवाय तिकडे मल्याळी लोक, तुम्हाला ती यंडूगुंडू भाषा येत असेल." मला मल्याळम येत नव्हती. मालकाच्या लेखी पुण्याच्या खाली सगळी एकच भाषा होती. एरवी आम्ही त्याच्या बायकोला मॅडम म्हणायचो, पण क्रूझवर 'वहिनी' म्हणायचं असा हुकूम निघाला. कारण आपण सगळे एक कुटुंब.

बोटीने कोची सोडलं आणि तासाभरात कुटुंब आडवं झालं. अण्णाने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. तो केबिनच्या दाराशी बसून लिंबू हुंगत होता आणि अधूनमधून कठड्याकडे धावत होता. डीलरांच्या बायकांनी डोळे उघडायचंच नाकारलं. मालक मात्र टोपी घालून डेकवर उभा. येईल त्याला तो या बोटीची लांबी सांगायचा, आणि दर वेळी ती वेगळी असायची. जेवायच्या खोलीत भात आणि माशाची आमटी आली, तेव्हा त्याने पोळ्या मागितल्या. वाढणाऱ्याने शांतपणे आणखी भात वाढला. आमच्या शेजारच्या बाकावर एक म्हातारी बेटवाली बाई बसलेली असायची, मांडीवर कोंबडीची टोपली. मालकाने तिच्याकडे बघून मला म्हटलं, "क्रूझवर कोंबड्या! ह्या देशाचं काही खरं नाही." त्या बाईला मराठी येत नव्हतं, पण तिने टोपली स्वतःकडे ओढून घेतली.

बेटांजवळ पाणी उथळ. मोठी बोट भर समुद्रात थांबायची आणि तिच्या कुशीतल्या दारातून खालच्या हलत्या होडीत उतरावं लागायचं. कोंबडीवाली म्हातारी टोपली आधी देऊन मग अशी उतरली, जशी मी घराच्या पायरीवरून उतरते. मालक दारात अडकला. एक पाय होडीकडे, एक हात खलाशाच्या गळ्यात. "थांबा, थांबा, लाट जाऊ द्या!" लाटा काही संपेनात. शेवटी दोन खलाशांनी त्याला काखेत धरून पोत्यासारखा खाली ठेवला. वहिनी त्याच्या मागून उडी मारून उतरल्या आणि म्हणाल्या, "त्यात काय आहे?" मला त्या पहिल्यांदा आवडल्या.

बेटं सुंदर होती. मी त्यांच्याबद्दल फारसं लिहीत नाही, कारण मालक तिथेही बोलतच होता.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही कोचीला परत आलो. बंदराच्या तोंडाशी काठावरची मोठाली मासेमारीची जाळी वर-खाली होत होती. अण्णा पहिल्यांदा सरळ उभा राहिला होता, कारण पाणी शांत झालं होतं. नेहमीच्या धक्क्याकडे बोट वळली तेव्हा मालक ओरडला.

"अरे! ती बघा! ती बघा!"

आमच्या जागेच्या पुढेच, त्याच धक्क्याला, एक युद्धनौका लागलेली होती. ती तिथे असेल अशी कुणालाच कल्पना नव्हती. बोटीवरचे खलाशीसुद्धा कठड्याशी येऊन बघू लागले. त्यांच्यातला एकजण म्हणाला की नौदलाची आपली जागा वेगळी, पलीकडे आहे, इथे कधी लागत नाही, तिकडे गाळ काढायचं काम चाललं असेल.

मी आयुष्यात पहिल्यांदा युद्धनौका पाहत होते. नौदल म्हणजे माझ्या लेखी खोक्यावर लिहायचा एक पत्ता. ही करड्या रंगाची, उंच, पुढे निमुळती होत गेलेली, कुशीवर पांढरा आकडा. तोफेवर कॅनव्हास बांधलेला. नांगराच्या भोकाखालून गंजाचा तांबडा ओघळ आलेला होता, आणि दोरांनी टांगलेल्या फळीवर बसून दोन माणसं तो खरवडत होती. मागच्या बाजूला एका दोरीवर गंजीफ्रॉक वाळत घातले होते. मला सगळ्यात मोठा धक्का बसला तो त्या गंजीफ्रॉकांचा. आत माणसं राहतात. आंघोळ करतात, कपडे धुतात. मी सह्या करताना हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.

"आपली बोट!" मालक डीलरांना सांगत होता. "आपले व्हॉल्व्ह आहेत हिच्यात. ही जी तरंगतेय ना, ती आपल्या जिवावर."

व्हॉल्व्ह कुठल्या जहाजात गेले हे त्याला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. आम्ही माल नौदलाच्या कोठारात पाठवायचो. पण त्याने डेकवरच्या सगळ्यांना गोळा केलं, डीलरांना आणि त्यांच्या बायकांना कठड्याला पाठ करून उभं केलं आणि मागे युद्धनौका येईल असा कॅमेरा धरला. बोटीवरचा एक अधिकारी धावत आला. "नो फोटो, नो फोटो!" मालकाने त्याच्याकडे बघून मान डोलावली आणि तीन फोटो काढले.

धक्क्यावर उतरल्यावर खरं तर आम्हाला डावीकडे फाटकाकडे जायचं होतं. मालक उजवीकडे वळला. टोपी सारखी केली, पोट आत घेतलं आणि थेट युद्धनौकेच्या शिडीकडे निघाला. मागून आम्ही, सामान घेऊन. शिडीपाशी बंदूकवाला पहारेकरी होता. मालकाने त्याला हिंदीत सांगितलं की आम्ही डिफेन्सचे लोक आहोत, आणि कॅमेरा उचलला. पहारेकऱ्याने हात पुढे केला, कॅमेरा घेतला, मागचं झाकण उघडलं आणि आतली फिल्म उन्हात ओढून काढली. बरीच लांब निघाली. मग कॅमेरा बंद करून परत दिला.

तीन दिवसांचे फोटो गेले. मालकाच्या हातात ती तपकिरी पट्टी लोंबत होती.

"अहो, ह्याला काय अर्थ आहे! आमचे सगळे फोटो! मी कोण आहे तुम्हाला ठाऊक आहे का?" तो आता मराठीत ओरडत होता.

वहिनी माझ्या शेजारी होत्या. "बरंच झालं," त्या म्हणाल्या. "मेले माझे डोळे सगळीकडे मिटलेलेच येतात."

त्या आरडाओरड्याने शिडीच्या पलीकडे खोकी मोजत उभा असलेला एक माणूस आमच्याकडे आला. चाळिशीचा, बुटका, निळ्या डगल्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नखांत काळं ग्रीस.

"काय झालं, काका?" त्याने मराठीत विचारलं. "इथे फोटो नाही काढायचे. तुमचं नशीब, नुसती फिल्मच गेली."

मालकाचा चेहरा उजळला. "अरे वा! आपला माणूस! कुठले तुम्ही?"

"रत्नागिरीकडचा. इथे इंजिनरूमला असतो."

"मग तर तुम्ही आम्हाला ओळखणारच. आमचे व्हॉल्व्ह आहेत तुमच्याकडे. बंगलोरचे. गनमेटलचे." मालकाने हाताने आकार दाखवला. "अंगावर त्रिकोणात एक चांदणी असते. आमची खूण."

त्या माणसाने मालकाकडे पाहिलं, मग टोपीवरच्या नांगराकडे.

"त्रिकोणात चांदणी," तो म्हणाला. "बघितलेत."

"ऐकलंत?" मालक माझ्याकडे वळला. "ऐकलंत का? थांबा हं, थांबा, त्यांना बोलावतो." डीलर दहा-वीस पावलं मागे सामानापाशी थांबले होते. त्यांना हे ऐकवायला मालक जवळजवळ पळत गेला. वहिनीही त्याच्यामागे गेल्या. मी तिथेच राहिले.

तो माणूस मला म्हणाला, "ताई, तुम्ही यांच्यातल्याच का?"

"कामाला आहे त्यांच्याकडे."

"मग वाईट वाटून घेऊ नका. पण तो माल आम्ही लावत नाही. कोठारातून आला तेव्हा आमच्या बाकावर दाब देऊन बघितला. काही नग चांगले होते. काहींना तापल्याबरोबर पाझर सुटला. वर हातोडीचे ठोके, रंगाखाली स्पष्ट दिसत होते. लहान पोरालासुद्धा कळेल. परत पाठवायचे कागद केलेत. एक मात्र ठेवून घेतलाय आम्ही वर्कशॉपात. बोट हलली की दार आपटतं, त्याला लावायला. जड आहे चांगला."

तो हसला. मला वाटतं, मीही हसावं अशी त्याची अपेक्षा होती.

"मला त्या मालकाचं काही नाही," तो पुढे म्हणाला. "धंदेवाले असेच. पण प्रत्येक नगाबरोबर कागद येतो, तपासला म्हणून. खाली सही असते. तो सही करणारा जो कोण आहे ना, त्याला एकदा आमच्याबरोबर खाली इंजिनरूममध्ये नेऊन बसवायला पाहिजे."

मला गप्प राहता आलं असतं. मालक अजून डीलरांना गोळा करत होता. या माणसाला मी पुन्हा कधी दिसणार नव्हते. मी का बोलले हे नंतर पुष्कळदा मी स्वतःला विचारलं. प्रामाणिकपणा म्हणून बोलले, असं काही वर्षं मानत होते. आता तसं वाटत नाही. तो मला ताई म्हणाला होता. मी कबूल केलं की तो 'जाऊ द्या, तुमचा काय इलाज' असं म्हणेल आणि मी मोकळी होईन, असं मला आत कुठेतरी वाटलं असणार.

"ती सही माझी आहे," मी म्हटलं.

"कुठली?"

"कागदावरची. तपासणारी मीच."

त्याने माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं, बेटावरून आणलेल्या शंखांनी ती फुगली होती.

"तपासले होते?"

"हो. अकरा गळत होते."

"म्हणजे ठाऊक होतं."

"हो."

"मग?"

"मग सही केली."

जाऊ द्या, असं तो म्हणाला नाही. रागावलासुद्धा नाही. तोंडातलं काहीतरी वाईट चवीचं जिभेने बाजूला सारावं तसं त्याने तोंड केलं.

"खाली माणसं असतात," तो म्हणाला. मग आवाज एकदम परक्या माणसाशी बोलतात तसा झाला. "जा तुम्ही, मॅडम. तुमची मंडळी थांबलीत."

ताईची मॅडम झाले होते. तो परत जाऊन खोकी मोजू लागला, आणि मोजणी चुकली असावी, कारण त्याने पहिल्यापासून सुरुवात केली.

मालक डीलरांना घेऊन आला. "कुठे गेला? काय म्हणाला? सांगा ना ह्यांना काय म्हणाला."

मी सगळ्यांसमोर सांगितलं, "म्हणाला, तुमचा व्हॉल्व्ह आम्ही वर्कशॉपच्या दाराला लावतो. आपटू नये म्हणून."

मला वाटलं, आता हा खाली बघेल. निदान एक क्षण. एका डीलरच्या बायकोने ओठावर पदर धरला होता. मालकाने एक क्षणही घेतला नाही.

"बघा!" त्याने डीलरच्या पाठीवर थाप मारली. "बघा मजबुती! युद्धनौकेचं दार अडवतो आपला माल. काय वजन असेल विचार करा!"

डीलर हसले. एकाने टाळीसुद्धा दिली. मग सगळे फाटकाकडे निघाले, मालक सर्वांत पुढे, खिशातून फिल्मची पट्टी बाहेर आलेली. लाज नावाची वस्तू एखाद्याच्या अंगात ओतायचीच राहून जाते, हे मी त्या दिवशी धडधडीत पाहिलं. आणि त्याच्यासमोर मी स्वतःला बरी वाटले. ते बरं वाटणं फाटकापर्यंतही टिकलं नाही. लाज ओतायची राहिलेल्या माणसाला निदान ते ठाऊक तरी नसतं.

एर्नाकुलमहून परतीच्या गाडीत मालक आणि डीलर एका डब्यात, अण्णा आणि मी दुसऱ्यात. जमिनीवर आल्यापासून अण्णाला भूक लागली होती. स्टेशनवर घेतलेल्या केळ्याच्या वेफर्सची पिशवी उघडून तो खिडकीशी बसला. मी त्याला झालेलं सगळं सांगितलं, कानडीत, हळू आवाजात.

तो ऐकताना खायचा थांबला. "तापल्यावर सुटले ना?" त्याने विचारलं.

"हो."

"मी म्हटलंच होतं." त्याच्या आवाजात थोडा आनंद होता, अंदाज बरोबर निघाल्याचा. मग तो आनंद गेला. "ठोके दिसतात म्हणाला? रंगाखालून?"

"म्हणाला, पोरालाही कळेल."

अण्णाने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "चाळीस वर्षं हातोडी धरतोय," तो म्हणाला. त्याला ते लागलं. माल खोटा होता यापेक्षा काम ढिसाळ दिसलं याचं जास्त लागलं, आणि मी त्याला नावं ठेवायच्या बेतात होते. पण माझ्या सहीचं वळण मात्र फार सुरेख होतं, हे आठवलं आणि मी तो बेत सोडला.

"सरी, ठीक," अण्णा शेवटी म्हणाला. "पुढच्या वेळी मी ठोकणार नाही. तुम्ही सही करू नका."

पुढची वेळ दीड महिन्यात आली. परत आलेल्या मालाबद्दल मालकाने आम्हाला एक अक्षर सांगितलं नाही. एक दिवस खोकी आली आणि मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. बदली म्हणून पाठवायच्या नव्या लॉटमधल्या सात नगांना घाम फुटला. मी फुल्या मारल्या. मालकाने हातोडी मागवली. अण्णाने हातोडी आणली, माझ्याकडे पाहिलं, आणि ठोकायला बसला. त्याच्या घरी तीन मुली होत्या.

कागद माझ्यापुढे आले तेव्हा मी म्हटलं, "मी सही करणार नाही, सर."

मी भाषण तयार ठेवलं होतं. खाली माणसं असतात, हे वाक्य त्यात होतं. राजीनामाही लिहून पर्समध्ये होता. मालकाने मला बोलायला वेळच दिला नाही.

"क्रूझची हवा लागली वाटतं तुम्हाला," तो म्हणाला आणि हसला. "बरं, राहू द्या."

दुसऱ्या दिवसापासून शिक्का त्याच्या मेव्हण्याकडे गेला. मेव्हणा कॉमर्सचा पदवीधर होता आणि पाण्याचा दाब कशात मोजतात हे त्याला ठाऊक नव्हतं. सह्या मात्र झरझर करायचा. मला वर ऑफिसात बसवलं, फोन घ्यायला आणि कोटेशनं टाइप करायला. कुणी ओरडलं नाही, कुणी काढलं नाही. माझ्या नकाराने त्या कारखान्यात एवढंच झालं की एक खुर्ची खालून वर आली. पर्समधला राजीनामा घड्या पडून फाटला. त्यानंतर मी तिथे अडीच वर्षं काढली. कारणं सांगायला माझ्याकडे होती, वडिलांची निवृत्ती, बहिणीचं लग्न, बसचा पास. ती सगळी खरी होती आणि त्यातलं एकही पुरेसं नव्हतं.

वर बसल्यामुळे मला मालक पाहुण्यांना काय सांगतो ते रोज ऐकू यायचं. पहिल्या वर्षी एक इंजिनरूमवाला भेटला होता. पुढे तो अधिकारी झाला. मग कॅप्टन झाला, त्याने आम्हाला आत नेऊन चहा पाजला, आणि म्हणाला की तुमच्या मालाशिवाय आमचं पान हलत नाही. पाहुणे माना डोलवायचे. कधीकधी मालक काचेतून माझ्याकडे बोट दाखवायचा. "ह्या होत्या ना बरोबर. विचारा त्यांना."

कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, याची मला खात्री नाही.

शेवटी राजाजीनगरला पाण्याचे मीटर दुरुस्त करणाऱ्या एका जागी तपासनिसाची नोकरी निघाली. मुलाखत घेणारे गृहस्थ साठीचे, पांढऱ्या अर्ध्या बाह्यांचा शर्ट, समोर चष्म्याचं घर. माझा अर्ज त्यांनी दोनदा वाचला.

"डिफेन्सचं काम केलेलं आहे तुम्ही," ते कानडीत म्हणाले. "तपासणी करत होता. मग अडीच वर्षं टायपिंग? असं का?"

बाहेर कुणीतरी लोखंडी पाइप ट्रकमधून उतरवत होतं. ते थांबेपर्यंत मला वेळ मिळाला. खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं, त्या गृहस्थांचा चेहरा बघता कदाचित ते ऐकूनच त्यांनी मला घेतलं असतं.

"खालच्या मजल्यावर तेलाचा वास फार असायचा," मी म्हटलं. "सोसत नव्हता."

त्यांनी मान डोलावली आणि अर्जावर काहीतरी लिहिलं. पहिल्या तारखेपासून मला यायला सांगितलं.